‘प्रो’ घ्यावा की पुढच्या पिढीपर्यंत थांबावं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांसाठी

खानापूरहून भाच्याचा फोन आला. पहिल्या नोकरीचा बोनस हातात पडला होता आणि आवाजात घाई होती. त्याला टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, सोनीचं प्लेस्टेशन (थोडक्यात पीएस), घ्यायचं होतं. ‘प्रो’ म्हणजे त्यातलं त्याच पिढीचं जास्त ताकदीचं मॉडेल. "मामा, प्रो घेऊ की पुढचा येऊपर्यंत थांबू?" मी विचारलं, "टीव्ही कुठला आहे तुझ्याकडे?" तो म्हणाला, "मोठा हाय की." मी त्याला दोन दिवस थांबायला सांगितलं आणि रविवारी खानापूरला गेलो.

एवढी धावपळ करण्याचं कारण आहे. २०१८ साली मी घरातला चांगला चालणारा पीएस४ विकला आणि वर बरेच पैसे घालून पीएस४ प्रो आणला. घरी लावला, गेम सुरू केला. शेजारी बसलेल्या बाबांनी विचारलं, "काय बदललं रे?" मला काहीच दाखवता येईना. भिंतीवरचा टीव्ही ३२ इंची, एचडी रेडी. मशीन चारपट बारीक चित्र काढायला तयार होतं, पण ते चित्र मावेल एवढे ठिपकेच त्या पडद्यावर नव्हते. तीच चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

१. आधी पिढी आणि प्रो यांतला फरक समजून घ्या

आमचं घर वडगावचं, विणकरांचं. आजोबा हातमागावर बसायचे, पुढे घरात पॉवरलूम आला. हातमाग जाऊन पॉवरलूम येणं म्हणजे पिढी बदलणं. कामाची रीतच बदलली आणि जुनं बरंचसं सामान माळ्यावर गेलं. त्याच पॉवरलूमला जास्त ताकदीची मोटर बसवली तर ते झालं ‘प्रो’. साडी तीच निघते, फक्त लवकर.

प्लेस्टेशनच्या पिढ्या बघा. पहिला जपानमध्ये १९९४ ला आला, दुसरा २००० ला, तिसरा २००६ ला, चौथा २०१३ ला, पाचवा २०२० ला. म्हणजे सहा-सात वर्षांनी एक उडी. प्रत्येक उडीत आतली यंत्रणा नवी. पीएस३ ची डिस्क पीएस४ मध्ये चालतच नाही, इतकी वेगळी. आणि नव्या पिढीसाठी लिहिलेला गेम जुन्या मशीनवर येईलच याची खात्री नसते.

मधली पायरी ठळकपणे आली ती २०१६ मध्ये. पीएस४ ला तीनच वर्षं झाली होती, तेवढ्यात नोव्हेंबरमध्ये पीएस४ प्रो बाजारात आला. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१७ ला, मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स या मशीनचा तसाच वन एक्स आणला. कारण सरळ होतं. दुकानांत फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचे, टीव्ही दिसू लागले होते आणि २०१३ ची मशीन त्या पडद्यांना पुरी पडत नव्हती.

आता आत काय बदललं ते नीट वाचा, सगळा निर्णय त्यावर आहे. चित्र काढणारी चिप, म्हणजे जीपीयू, साध्या पीएस४ मध्ये १.८४ टेराफ्लॉपची (हे तिच्या ताकदीचं माप) होती, प्रोमध्ये ४.२ ची झाली. दुपटीहून जास्त. पण हिशेब करणारा मुख्य प्रोसेसर त्याच घराण्यातला राहिला, फक्त १.६ वरून २.१ गिगाहर्ट्झवर पळवला. पीएस५ प्रोमध्येही तेच. साध्या पीएस५ च्या जीपीयूपेक्षा ६७ टक्के जास्त कम्प्युट युनिट, म्हणजे चित्राचं काम करणारे छोटे भाग, आहेत, पण मुख्य प्रोसेसर तोच, वेग थोडा वाढवण्याची सोय तेवढी दिली आहे.

थोडक्यात, रंगकाम करणारा हात भरभर चालू लागला, डोकं तेवढंच राहिलं. म्हणून ज्या गेममध्ये बाजारात शेकडो माणसं फिरतात, प्रत्येकाची हालचाल मोजावी लागते आणि तिथेच गेम अडखळतो, तिथे प्रोने फारसा फरक पडत नाही. पीएस४ वरून पीएस५ वर गेलात तर डोकंही नवं मिळतं आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे खूप वेगाने वाचली जाणारी साठवण, येते. जो गेम उघडताना पीएस४ वर चहा गाळून व्हायचा, तो काही सेकंदांत उघडतो. हा फरक बाबांनाही दिसला असता.

दुसरी गोष्ट सोनीच्या नियमाची. पीएस४ प्रोवर चालणारा प्रत्येक गेम साध्या पीएस४ वरही चालला पाहिजे, असा नियम सोनीने केला होता. म्हणजे प्रो घेतल्याने एकही नवा गेम तुमच्यासाठी उघडत नाही. नवी पिढी मात्र दार उघडते, पण एकदम नाही. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ आणि ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ हे २०२२ चे गेम पीएस४ वरही आले. ‘स्पायडर-मॅन २’ हा २०२३ चा गेम मात्र फक्त पीएस५ वर आला. पिढी बदलल्यावर पहिली दोन वर्षं जुन्या मशीनवाल्याचं फार नुकसान होत नाही, ते यामुळेच.

आणि जुन्या मशीनला फार ताणलं की काय होतं तेही बघा. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा साध्या पीएस४ वर त्याची अवस्था इतकी वाईट होती, की सोनीने काही दिवसांतच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. सहा महिन्यांनी परत ठेवला, पण त्याचा मोठा वाढीव भाग २०२३ ला आला तो पीएस४ वर आलाच नाही.

२. टीव्हीची पाठ बघा

दुकानात जाण्याआधी ही पायरी करा. भाच्याकडे मी पहिलं हेच केलं. टीव्ही भिंतीपासून जरा ओढला, मोबाइलचा टॉर्च मारला. मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर होता, त्यावर बोटभर धूळ. पुसून फोटो काढला आणि तोच नंबर मोबाइलवर शोधला. ४३ इंची, फुल एचडी, ६० हर्ट्झ. ‘मोठा’ होता खरा, पण फोर-के नव्हता.

मॉडेल नंबरवरून एवढंच शोधा:

- रिझोल्यूशन. १३६६ × ७६८ म्हणजे एचडी रेडी, १९२० × १०८० म्हणजे फुल एचडी, ३८४० × २१६० म्हणजे फोर-के.
- पॅनेल ६० हर्ट्झचं की १२० चं, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं. जाहिरातीतला ‘मोशन २००’ वगैरे आकडा धरू नका, तो पॅनेलचा खरा वेग नसतो.
- एचडीएमआय पोर्ट, म्हणजे मशीनची केबल लावायच्या खाचा, कुठले. फोर-के, ६० हर्ट्झ आणि एचडीआर (उजेड-अंधाराचे जास्त बारकावे) यांसाठी २.० पुरतो. फोर-के आणि १२० हर्ट्झ एकत्र हवं असेल तर २.१ लागतो, आणि बऱ्याच टीव्हींमध्ये तो एखाद्याच पोर्टला असतो.

टीव्ही एचडी रेडी किंवा फुल एचडी असेल, तर प्रोचा विचार सोडा. फुल एचडीवर प्रोने थोडं फायद्याचं काम होतं, कडा जरा गुळगुळीत दिसतात, काही गेम कमी अडखळतात. पण त्या फरकाच्या पैशांत निम्मा टीव्ही येतो. फोर-के आणि ६० हर्ट्झ असेल तर साधा पीएस५ त्याला छान पुरतो. टीव्ही ५५ इंच किंवा त्याहून मोठा, फोर-के, १२० हर्ट्झ आणि तुम्ही सहा-सात फुटांवर बसता, असं असेल तरच प्रोची भाषा सुरू करा.

तिथे प्रो नेमकं काय देतो? साध्या पीएस५ वर बरेच गेम विचारतात, चित्र बारीक हवं की हालचाल सलग हवी? बारीक चित्र घेतलं तर सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, सलग हालचाल घेतली तर ६० फ्रेम पण चित्र जरा मऊ. प्रो दोन्ही एकत्र देण्याचा प्रयत्न करतो. ज्यांना हा फरक डोळ्यांत खुपतो त्यांच्यासाठी ते मशीन आहे. बाकीच्यांनी ६० फ्रेम निवडावी आणि निवांत खेळावं.

इथला सापळा: फोर-के टीव्ही असूनही चित्र फुल एचडीच येत असतं आणि महिनोन् महिने कळत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टसाठी एचडीएमआय सिग्नल ‘एनहान्स्ड’ करण्याचा पर्याय बंद असतो, किंवा केबल जुनी असते. पीएस५ वर सेटिंग्ज, मग स्क्रीन अँड व्हिडिओ, मग व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन उघडा. तिथे लिहिलेलं रिझोल्यूशन हेच खरं. टीव्हीचा गेम मोडही चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर गेममधला माणूस उशिरा उडी मारतो.

३. नावांच्या घोळात फसू नका

‘स्लिम’ म्हणजे प्रो नव्हे. स्लिम म्हणजे तेच मशीन बारीक अंगाचं, ताकद तीच. जुना पीएस५ देऊन स्लिम घेण्यात अर्थ नाही.

एक्सबॉक्सची नावं तर नवख्याला चकवतातच. वन, वन एस, वन एक्स, सिरीज एस, सिरीज एक्स. यातला वन एक्स २०१७ चा, जुन्या पिढीचा मधला अपग्रेड. सिरीज एक्स २०२० चा, नव्या पिढीचा. माझा एक मित्र वापरलेलं मशीन बघायला टिळकवाडीत गेला होता. विकणारा सारखा "एक्स हाय ओ, एकदम टॉप, घेऊन जावा" म्हणत होता. मित्राने मला फोटो पाठवला. आडवं, काळं, चपटं मशीन दिसलं. सिरीज एक्स उभ्या खोक्यासारखा असतो. तो वन एक्स होता आणि भाव सिरीज एक्सच्या जवळ सांगितला होता. सिरीज एस आणि सिरीज एक्स एकाच दिवशी आले, म्हणजे एस हा मधला अपग्रेड नव्हे, तो पहिल्यापासूनच धाकटा आहे. त्यात डिस्क जात नाही, हेही लक्षात ठेवा.

निन्टेन्डोचा स्विच हातात धरूनही खेळता येतो. त्याचा स्विच ओएलईडी २०२१ ला आला, त्यात पडदा मोठा आणि सुंदर झाला, ताकद तीच. टीव्हीला जोडून खेळणार असाल तर चित्रात फरक नाही. नवी पिढी म्हणजे जून २०२५ चा स्विच २.

४. तुमच्या घरात आज काय आहे, त्यावरून ठरवा

काहीच नाही, पहिल्यांदाच घेताय: चालू पिढीचं साधं मशीन घ्या. पिढी मध्यावर आली की गेमची रास तयार असते आणि वापरलेल्या डिस्कही स्वस्तात मिळतात. पुढची पिढी कधी येईल याची वाट बघत तीन वर्षं घालवलीत, तर तीन वर्षांचं खेळणं गेलं.

मागच्या पिढीचं मशीन आहे, पीएस४ किंवा एक्सबॉक्स वन: पैसे घालायचे ते इथेच घाला. पीएस४ वरून पीएस४ प्रोवर जाण्यात आज काही उरलेलं नाही, कुणी कितीही स्वस्तात देऊ दे. पीएस५ घ्या, तुमचे जवळजवळ सगळे पीएस४ गेम त्यावर चालतील.

चालू पिढीचं साधं मशीन आहे: प्रोसाठी ते विकू नका. टीव्ही जुना असेल तर टीव्ही बदला. गाणी-सिनेमे बघायला घरच्यांनाही तो उपयोगी पडतो, आणि घरातली परवानगी लवकर मिळते.

"थांबलो तर स्वस्त होईल ना?" हे मला सगळे विचारतात. पूर्वी तसंच व्हायचं. पीएस४ अमेरिकेत २०१३ ला ३९९ डॉलरना आला, २०१६ चा स्लिम २९९ ला मिळू लागला आणि प्रो पुन्हा त्याच ३९९ ला. या पिढीत गणित उलटं झालंय. भारतात पीएस५ फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० रुपयांना आला आणि २०२२ च्या अखेरीस ५४,९९० वर गेला. पीएस५ प्रो तर २०२४ ला अमेरिकेतच जवळजवळ ७०० डॉलरना आला, तोही डिस्क ड्राइव्हशिवाय. तेव्हा नुसतं थांबून भाव उतरेल या भरवशावर राहू नका. दसरा-दिवाळीच्या सेलवर लक्ष ठेवा, खरी सूट तिथेच मिळते.

५. डिस्कवालं की बिनडिस्कचं

आपल्या भागात मी डिस्कवालंच घ्या म्हणेन. एक मित्र शहापूरचा, एक अनगोळचा, एक निपाणीचा. तिघांत एक डिस्क वर्षभर फिरते. संपल्यावर बेळगावात गिऱ्हाईक नाही मिळालं तर कोल्हापूरला जाणारं कुणी ना कुणी असतंच. ऑनलाइन विकत घेतलेला गेम असा हातोहात देता येत नाही आणि विकताही येत नाही.

सर्वांत वाईट सापळा: घरात पीएस४ च्या दहा-बारा डिस्क आहेत आणि थोडे पैसे वाचवायला बिनडिस्कचा पीएस५ आणला. त्या सगळ्या डिस्क शोकेसमध्ये ठेवायच्या झाल्या. स्लिम आणि प्रो यांना वेगळा डिस्क ड्राइव्ह जोडता येतो, पण २०२० च्या पहिल्या बिनडिस्कच्या मॉडेलला येत नाही. वेगळा ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, तेही लक्षात असू द्या.

दुबईहून कुणी डिस्क आणली तर गेम चालतो. पण त्या गेमचा वाढीव भाग ऑनलाइन घेताना डिस्कचा प्रदेश आणि तुमच्या खात्याचा प्रदेश जुळावा लागतो. जुळला नाही तर पैसे गेले.

६. वीज, पाऊस आणि हवा

खानापूरकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते तिथल्यांना मी सांगायला नको. गेम सेव्ह होत असताना वीज गेली की सेव्ह खराब होऊ शकतं. पीएस५ खेळताना साधारण २०० वॅट घेतो. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस मशीनपुरता लावलात तर चालू असलेलं सेव्ह पुरं व्हायला आणि मशीन नीट बंद करायला वेळ मिळतो. जुन्या घरात अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून बघून घ्या. आणि मशीन काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवू नका, त्यावर विणलेला रुमाल घालू नका. मागे-बाजूला वीतभर जागा सोडा.

७. विकत घेताना

बरोबर ठेवायची कागदपत्रं आणि सामान:

- आधार आणि पॅन, हप्त्यांवर घेणार असाल तर.
- पत्त्याचा पुरावा. २०१४ पासून गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं, पण पुष्कळांच्या जुन्या कागदांवर बेळगावच आहे. अर्जावर आधारप्रमाणेच नाव आणि पत्ता लिहा.
- दुकानातून जीएसटी नंबर असलेलं छापील बिल. त्यावर मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा.
- वापरलेलं मशीन असेल तर मूळ बिल, तुमची एक डिस्क, आणि शक्य झालं तर तुमचा कंट्रोलर.

‘शून्य टक्के’ हप्त्यात प्रोसेसिंग फी किती, ते विचारा. अर्ज कन्नडमध्ये असेल आणि तुम्हाला वाचता येत नसेल, तर ज्याला येतं त्याला बरोबर न्या. सही करण्याआधी प्रत्येक आकडा समजून घेण्यात लाजण्यासारखं काही नाही.

पीएस५ प्रो नोव्हेंबर २०२४ ला जगभर आला, तेव्हा भारतात अधिकृतपणे आला नाही. त्यातल्या नव्या वायफायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे तेव्हा खुला नव्हता. म्हणून ‘इम्पोर्टेड पीस’ म्हणून प्रो विकले जाऊ लागले. असा पीस समोर आला तर एकच प्रश्न विचारा, "भारतातली कंपनीची वॉरंटी आहे का? असेल तर लिहून द्या." दुकानाची वॉरंटी आणि कंपनीची वॉरंटी या दोन वेगळ्या गोष्टी. दुरुस्तीला मशीन कुठल्या गावी पाठवावं लागेल, हेही आधीच विचारून ठेवा.

वापरलेलं मशीन बघायला जाल तेव्हा घाई करू नका, अर्धा तास बसा. डिस्क घालून बाहेर काढा, दोनदा. इंटरनेटला जोडून तुमच्या खात्याने आत जा, म्हणजे मशीनवर बंदी असेल तर तिथेच कळेल. एचडीएमआयची केबल हलकेच हलवा, चित्र गेलं तर पोर्ट सैल आहे. कंट्रोलरची काठी सोडल्यावर गेममधला माणूस आपोआप चालू लागतो का, ते बघा. वीस मिनिटं एखादा जड गेम चालवून पंख्याचा आवाज ऐका.

८. जुनं मशीन देण्याआधी

पीएस४ वरून पीएस५ वर जाताना दोन्ही मशीन एकाच वायफायवर ठेवली की सगळं इकडून तिकडे जातं. लॅन केबल असेल तर लवकर जातं. पीएस४ चे सेव्ह पेनड्राइव्हवरही काढता येतात, फुकट. पीएस५ च्या गेमचे सेव्ह तसे एकेक पेनड्राइव्हवर निघत नाहीत. त्यांना पैसे भरून घेतलेलं क्लाउड, म्हणजे ऑनलाइन साठवण, लागतं, नाहीतर एका मशीनवरून दुसऱ्यावर थेट नेणं. म्हणून जुनं मशीन विकण्याआधी नव्यावर गेम उघडून तुमचं सेव्ह खरंच दिसतंय का, ते बघा. मगच जुन्यावरून ‘प्रायमरी’ (हे तुमच्या खात्याचं मुख्य मशीन, ही नोंद) काढा आणि ते इनिशियलाइज करा, म्हणजे आतलं सगळं पुसा. जुनी बाहेरची हार्ड डिस्क टाकू नका. पीएस४ चे गेम पीएस५ वर तिच्यावरून थेट चालतात. पीएस५ चे गेम तिच्यावर नुसते ठेवता येतात, खेळायचे तर आत आणावे लागतात.

भाच्याने शेवटी डिस्कवाला स्लिम घेतला, आणि प्रोसाठी ठेवलेल्या पैशांतले उरलेले टीव्हीसाठी बाजूला काढलेत. फुल एचडीवर सध्या ६० फ्रेममध्ये खेळतोय. पहिली डिस्क माझी आहे. गणपतीत परत देतो म्हणालाय.